पिपरटोल्याला न थांबता

कोहमाऱ्याच्या शर्यतीत मी भाग घेतला होता, एवढे सगळ्यांना मान्य आहे. मी तिथे धावलो का, याविषयी आमच्या सौंदडमध्ये दोन मते आहेत आणि दोन्ही मतांच्या लोकांचा मी ऋणी आहे. खरे तर हे लिहायला बसलो ते आभार मानण्यासाठीच. आभाराचे भाषण करायची वेळ माझ्यावर एकदा आली होती. तेव्हा मी माइकसमोर उभा राहून "सर्वांचे" एवढाच शब्द बोललो आणि खाली बसलो. पुढचा शब्द लोकांनी मनाने लावून घेतला असावा, कारण टाळ्या पडल्या. लिहिताना ती सोय नाही. वाक्य पूर्ण करावे लागते.

सुरुवात साखरेपासून झाली. साकोलीच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "रोज सकाळी भरभर चालायचं." मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी काढलेला माणूस. टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून टेबलापर्यंत, एवढीच माझी चाल. निवृत्तीनंतर आमच्या विहारातले वाचनालय सांभाळतो. तिथे कपाट एकच आहे आणि तेही टेबलाला लागून. साखर तिथेच वाढली असावी.

पण आमच्या गावात भरभर चालणे सोपे नाही. हातात पिशवी नाही, मागे बैल नाही, पुढे बस नाही, आणि माणूस भरभर चालतो आहे, हे दृश्य लोकांना सहन होत नाही. म्हणून मी गावाबाहेर नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून चालायचे ठरवले. तिथे सकाळी बगळे असतात आणि बगळे काही विचारत नाहीत. दुलीचंद पटले विचारतात. ते आमचे शेजारी, त्यांचे शेत नहराला लागून आहे, आणि आवाज असा की नहराच्या पलीकडचा माणूस वळून बघतो.

"काऊन सर, कुठं जाऊन राहिले?"

"कुठे नाही."

"कुठं नाही, त मंग इतक्या घाईनं काऊन?"

साखर वाढली असे सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत घरी कारल्याचा रस, मेथीचा काढा आणि कडुनिंबाच्या फांद्या पोचल्या असत्या. गाव प्रेमळ आहे. मी घाबरून म्हणालो, "प्रॅक्टिस."

"कायची?"

पुलाच्या कठड्यावर कोहमाऱ्याच्या दौडीचा कागद चिकटवलेला होता, तिकडे मी फक्त बघितले. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय असे नुसत्या बघण्यातून झाले आहेत. लग्नही.

घरी पोचलो तेव्हा प्रेमिला, म्हणजे आमची मंडळी, दारातच उभी होती. बातमी माझ्यापेक्षा भरभर चालली होती.

"एकवीस किलोमीटर? तुमी? दूध आणाले जा म्हटलं त ऊन पाहता, सावली पाहता!"

मी म्हणालो, "मी कुठे धावणार आहे? दोन दिवसांत लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, धावताना नाकाने श्वास घ्या. कोणी म्हणाले, नाकाने मुळीच घेऊ नका, तोंड कशाला दिले आहे? समोरच्या निर्मलाबाईंनी मोहाच्या बियांचे तेल आणून दिले, पिंढऱ्यांना चोळायला. मी चोळले. त्या तेलाला एक उग्र वास असतो. माझ्या पायांना त्याचा काय उपयोग झाला ते सांगता येत नाही, पण गावातली कुत्री माझ्यामागे येऊ लागली, आणि त्यामुळे माझा वेग वाढला हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. निर्मलाबाईंचे आभार.

नाव नोंदवताना गप्प राहिलो असतो तरी सुटलो असतो. पण दुलीचंद मला स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून कोहमाऱ्याला घेऊन गेले. तिथे विक्की नावाचा मोबाइलच्या दुकानाचा मालक दौडीचा सगळा कारभार पाहत होता. मूळचा गोंदिया शहरातला, त्यामुळे हिंदीच बोलायचा. त्याने कॉम्प्युटरवर माझे नाव लिहिले, खेमराज रंगारी, आणि जन्माच्या सालाशी येऊन अडकला. यादी वरून खाली सरकवली, खालून वर सरकवली.

"काका, सिस्टम में आप आ ही नहीं रहे. सिक्स्टी के पहले किसी को पैदा ही नहीं किया इन लोगों ने."

माझ्या मनात आशा निर्माण झाली. पण दुलीचंद म्हणाले, "कोणतंही साल टाक ना बे, सरच्या तोंडाकडं कोण पाहते?" विक्कीने कोणतेही साल टाकले. ते निघाले दोन हजार बारा. कॉम्प्युटर खूश झाला आणि त्याने ताबडतोब पालकाचे संमतिपत्र मागितले, कारण स्पर्धक अठरा वर्षांच्या आतला होता.

ते संमतिपत्र प्रेमिलाने भरले. स्पर्धकाशी नाते, या रकान्यापाशी तिने पेन थांबवले, माझ्याकडे नीट पाहिले आणि 'पालक' असे लिहून सही केली. म्हणाली, "इतकी वर्सं सांभाळून राहिली, आज पयल्यांदा कोणी लिहून मागतलं."

मग डॉक्टरांचा दाखला. ज्यांनी मला चालायला सांगितले होते त्यांनीच मी धावू शकतो असे लिहून द्यायला साफ नकार दिला. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी 'चालण्यास योग्य' असा दाखला दिला. विक्कीने तो वाचला. "काका, इसमें तो वॉक लिखा है." दुलीचंद म्हणाले, "अरे, भराभर चालणं म्हंजे धावणंच ना." हा मुद्दा विक्कीला पटला. मला अजून पटलेला नाही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठीचा बनियन मला देण्यात आला. तो अंगात गेला. बाहेर कसा निघेल याचा विचार तेव्हा केला नव्हता.

गावाने चौकात फ्लेक्सही लावला. 'सौंदडचा ढाण्या वाघ' असे वर लिहिलेले आणि खाली माझ्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात माझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. जेवण करून झोपलेला वाघ. त्याखालून जाताना मी मान खाली घालून जात असे.

एवढे सगळे होऊनही मी आदल्या दिवशी ताप आणला असता. तशी माझी तयारीही होती. तो आणला नाही, कारण मध्ये हर्षाचे प्रकरण उभे राहिले.

हर्षा आमची मुलगी. पिपरटोल्याला दिली आहे. लग्नाआधी ती पोलीस भरतीची तयारी करायची. पळायला लागली की तिच्यामागे धूळ दिसे, ती दिसत नसे. आता वयाच्या मर्यादेत यंदाचीच शेवटची भरती होती. अर्ज तिने भरला होता. तिचा नवरा लोकेश आमगावच्या राइस मिलमध्ये कामाला आहे. त्याची हरकत नव्हती. हरकत होती इवाईंची. इवाई म्हणजे व्याही; आमच्याकडे इवाईच म्हणतात. उदाराम नाव. माणूस दिलदार, धिप्पाड. सुनेने शिकावे, पुस्तके वाचावीत, परीक्षा द्यावी, सगळे त्यांना मान्य. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ते तसे सांगतही. पण पळणे? "घरात बसून काय ते कर म्हणा, बाई. सून सडकेनं धावून राहिली त लोक मले इचारतील, कोणाच्या मागं लागली म्हणून."

तेव्हा हर्षा गुरांच्या कोठ्यामागे, पहाटे, सगळे उठायच्या आधी पळायची. कोठ्यामागे जागा ती किती? म्हशीला प्रदक्षिणा घातल्यासारखे. म्हैसही वैतागली होती.

फोनवर ती सासऱ्यांविषयी म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा मामाजींशी बोला. ते तुमचा मान ठेवतात. लोकेशची तर त्यांच्यापुढे जीभच उचलत नाही."

माझी उचलते असे तिला वाटत होते, ही तिची पितृभक्ती. मी गेलोही होतो, एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक वेळी वाक्य पाठ करून गेलो. "इवाई, हर्षाला भरतीची तयारी करू द्या." साधे वाक्य आहे. पण इवाईंच्या ओसरीवर बसले की बोलण्याची पाळी माझ्यापर्यंत येतच नसे. ते धानाविषयी बोलत, पाण्याविषयी बोलत, रानडुकरांविषयी बोलत, मध्येच "जेवा ना जी, लाजता काऊन?" म्हणत, मी जेवत असे, आणि परतीच्या बसमध्ये बसलो की वाक्य अगदी स्पष्ट, ठणठणीत आवाजात आठवे. कंडक्टरला बोलून दाखवावेसे वाटे.

दौडीच्या आधी विक्कीचा फोन आला. राष्ट्रीय महामार्गावर धावायची परवानगी मिळाली नव्हती. या कार्यालयाने त्या कार्यालयाकडे पाठवले, त्या कार्यालयाने विचारले, रस्ता धावण्यासाठी आहे का? म्हणून रस्ता बदलला. "काका, अब अंदर के गाँवों से जाएगी रेस. पिपरटोला होके वापस कोहमारा, ऐसे दो चक्कर."

प्रेमिलाने हे ऐकले आणि पोळपाट बाजूला ठेवला.

"हे पाहा. तुमी बसले का तुमचं बोलणं बंद होते. म्हणून बसाचंच नाही. त्यांच्या दारापुढून धावत जाचं, आणि धावता धावता म्हणून टाकाचं. ते काही बोलाच्या आधी तुमी निंघून गेलेले असान."

चाळीसएक वर्षांच्या संसारात माझ्या स्वभावाचा असा अभ्यास कुणी केला आहे हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी नहराच्या पाळीवर वाक्यासकट पळू लागलो. उजवा पाय, इवाई. डावा पाय, हर्षाला. 'करू द्या' पर्यंत येताना दम लागे, म्हणून शेवटचे दोन शब्द जोरात म्हणायचे ठरवले. बगळे उडून जात.

दौडीच्या दिवशी सकाळी आभाळ भरून आले आणि पाऊस सुरू झाला. जानेवारीतला पाऊस. आमच्याकडची थंडी कोरडी असते तेव्हा निदान शेकोटीजवळ तिच्याशी बोलता येते. ओली झाली की ती ऐकून घेत नाही. कोहमाऱ्याच्या चौकात धाब्यांच्या पत्र्यांखाली पोरे अंग चोरून उभी होती. मी त्यांच्यात, छातीवर ताणलेल्या मुलांच्या बनियनमध्ये, चष्म्यावर पाणी घेऊन. पाहुण्यांनी मंडपात कोरड्या जागी उभे राहून आरोग्याचे महत्त्व सांगितले. ते इतका वेळ सांगितले की सुरुवातीला वाजवायचा सुतळी बॉम्ब भिजला. विक्कीने तो दोनदा पेटवून पाहिला. मग वैतागून तोच ओरडला, "अरे भागो रे!"

सगळे भागले. एकदम चहूकडे शांतता झाली आणि माझ्या लक्षात आले की कोहमाऱ्याच्या चौकात मी एकटाच उभा आहे. मागे फक्त एक ॲम्ब्युलन्स होती. तीही हळूच निघाली. शेवटच्या स्पर्धकाच्या मागे राहायचा तिला हुकूम होता. संपूर्ण शर्यतभर आमची सोबत झाली. मागून ढकलते आहे असे मला वाटू नये, एवढ्या अंतरावर ती राही. तिचा चालक श्यामलाल अधूनमधून काच खाली करून विचारी, "बाबा, ठीक है ना?" इतकी विचारपूस नोकरीत कुणी केली नव्हती.

एका धाब्यावरचा माणूस ओरडला, "ओ बाबा, घर जाओ, निमोनिया हो जाएगा!" दुसऱ्याने पळत येऊन चहा दिला. चहा पीत पळता येत नाही, हे मी या वयात शिकलो. बनियनला तो डाग अजून आहे. पाय चिखलात रुतत होते, दात वाजत होते, पण वाक्य शाबूत होते. इवाई, हर्षाला. इवाई, हर्षाला.

पिपरटोल्याच्या वळणावर मी चष्मा पुसला. इवाई दारात नव्हते. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा. बाजूला विहीण अनुसयाबाई टॉवेल घेऊन. मागे अर्धे गाव.

मी वेग वाढवला. "इवाई, हर्षाला..."

"हर्षा घरातच हाय जी, पाणी तापवून राहिली. या, या! पाय धुवा!"

"मी थांबू शकत नाही. शर्यत..."

"शर्यत कुठं पळून जाते? इवाई माह्या दारावरून न थांबता गेले त उद्या गावात मी तोंड कसं दाखवू?"

प्रेमिलाच्या योजनेत हेच राहून गेले होते. तिने माझा अभ्यास केला होता, इवाईंचा नाही. सोयरा दारावरून तसाच निघून गेला म्हणजे काहीतरी बिनसले, एवढाच अर्थ आमच्या मुलखात होतो. मग तो धावत असो, की पाठीमागे वाघ लागलेला असो.

बूट काढले गेले, पाय धुतले गेले. ओले बूट म्हणून अनुसयाबाईंनी ते प्रेमाने चुलीपाशी नेऊन ठेवले. माझ्या अंगावर घोंगडी पडली. समोर लाखोरीच्या डाळीचे गरम वडे आले. दारात श्यामलाल ॲम्ब्युलन्स बंद करून उभा राहिला; त्यालाही पाट मांडला गेला. मी उघड्या दारातून पाहत होतो. पावसातून बाकीचे धावपटू दुसऱ्या फेरीला समोरून जात होते आणि मी वडा खात होतो. वडे वाटताना हर्षाने माझ्याकडे पाहिले. एकदाच. त्या नजरेत आता तरी बोला असे स्पष्ट लिहिलेले होते. मी तोंड उघडले.

"इवाई..."

इवाईंनी त्यात दुसरा वडा दिला. "खा जी, अजून धावाचं हाय."

तेवढ्यात आतून जळक्या रबराचा वास आला. अनुसयाबाई किंचाळल्या, "माय वो!" माझ्या उजव्या बुटाचा तळ चुलीच्या कडेला पाघळून चिकटला होता. इवाईंना फार वाईट वाटले. त्यांनी स्वतःचे, शेतात चिखलात घालायचे गमबूट आणून माझ्यापुढे ठेवले. इवाईंचा पाय त्यांच्या मनासारखाच मोठा आहे. मी पाय घातले, तेव्हा आत दोन्ही बाजूंनी वारा येत होता.

मी उठलो. वाक्य घशातच होते. दारापर्यंत आलो, उंबरा ओलांडला. म्हणजे याही वेळी तेच. बसच्या ऐवजी ॲम्ब्युलन्स, एवढाच फरक.

आता आमच्याकडे आणखी एक रीत आहे. सोयरा घरून एकटा निघत नाही. गावच्या शिवेपर्यंत त्याला पोहचवायला कोणीतरी जाते. इवाई स्वतः येत. पण त्या दिवशी त्यांचा गुडघा थंडीने धरला होता, आणि लोकेश आमगावला. त्यांनी हाक मारली.

"हर्षा! बाबाले शिवेपर्यंत पोहचवून दे. छत्री धर त्यांच्यावर."

"मामाजी, बाबा तर धावून राहिले."

"त तूही धाव! सोयऱ्याच्या मागं रेंगाळणं बरं दिसते का?"

हर्षा आत गेली आणि पायांत बूट घालून आली. ते धानाच्या कोठीमागून निघाले असावेत, कारण त्यांना कोंडा चिकटलेला होता. ओढणी कमरेला खोचलेली. आम्ही निघालो. मी पुढे, गमबुटांचा आवाज करत. ती बाजूला, छत्री धरून, जागच्या जागी पळत असल्यासारखी, कारण माझ्या वेगाने पुढे जायचे म्हणजे तिला तसेच करावे लागत होते.

शीव आली. मोहाचे झाड आहे तिथे. हर्षा थांबली.

"बाबा, एवढंच."

मी तिच्याकडे पाहिले. ती पुढच्या रस्त्याकडे पाहत होती. तो सरळ, मोकळा, पावसाने चकचकीत रस्ता. कितीतरी दिवसांनी तिच्यासमोर म्हैस नव्हती.

या प्रसंगी बापाने काय बोलावे याची मोठमोठी वाक्ये मी आयुष्यभर वाचली आहेत. मी म्हणालो, "छत्री माझ्याकडे दे."

तिने छत्री दिली. क्षणभर थांबली. मग गेली. पावसात धूळ उडत नाही, म्हणून या वेळी ती मला दिसली. वळणापर्यंत दिसली.

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत चाललो होतो, तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. इवाई. सून परत का आली नाही म्हणून दुखरा गुडघा घेऊन निघाले होते.

"इवाई, पोरगी कुठं?"

मी पुढे बोट दाखवले.

"पुढं कुठं?"

मी पुन्हा पुढेच बोट दाखवले. इवाईंचा चेहरा बदलला. ते काही न बोलता निघून गेले. ते काही बोलले नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिले. शर्यतीच्या मंडपात, सगळ्यांसमोर, ते तिला काय बोलतील? तिला गाडीवर बसवून परत नेतील, आणि मग कोठ्यामागची जागासुद्धा जाईल. आणि हे सगळे मी छत्री मागून घेतल्यामुळे!

मी धावलो. त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर धावलो. डावा गमबूट पुढे गेला आणि मी मागे राहिलो. उठलो तेव्हा श्यामलालने काच खाली केली.

"बाबा, बैठ जाओ."

बसलो तर शर्यत संपली. गाव, फ्लेक्स, दुलीचंद, पालकाची सही, सगळे चिखलात. नाही बसलो तर मी मंडपात पोचेन तेव्हा फक्त बांबू उरलेले असतील. मी एक गमबूट हातात घेऊन बसलो. "जरा जल्दी," मी म्हणालो. श्यामलालने सायरन लावला. तो नंतर बंद होईना. त्या अवस्थेत, सायरन वाजवत, मी मागे टाकले तितके धावपटू त्या दिवशी कोणीच मागे टाकले नसतील. ते सगळे बाजूला होऊन काळजीने आत बघत होते. मी काचेआडून नमस्कार केला. कोणी तरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो सौंदडला माझ्या आधी पोचला.

मंडपासमोर गर्दी होती. गर्दीच्या आतून इवाईंचा आवाज येत होता. मी ओल्या मोज्याने चिखल तुडवत आत घुसलो. हर्षा खांबाला टेकून उभी होती, केसांतून वाफ निघत होती. इवाईंनी विक्कीला दोन्ही खांद्यांना धरले होते.

"अंकल, समझो ना," विक्की म्हणत होता, "लडकी बीच में से आई है. नंबर नहीं, नाम नहीं."

"बीच में से आई? पिपरटोला बीच में हाय त उसका काय कसूर? सबेरेपासून चूल फुंकून, वडे तळून, सोयऱ्याचे पाय धुवून आली ती! तुमच्या बाकीच्या काय करून आल्या? माह्या गाडीले तिसऱ्या गिअरमंदी सापडली नाही, आन् तू नंबर पुसून राहिला बे?"

मला वाटते, हीच वेळ होती. थंडीने जबडा हलत होता, त्यामुळे शब्द आपोआप बाहेर पडत होते. ते थांबवणेच कठीण होते. मी मध्ये जाऊन उभा राहिलो, हातातला गमबूट खाली ठेवला आणि सगळ्या गर्दीसमोर, खणखणीत आवाजात म्हणालो, "इवाई, हर्षाला भरतीची तयारी करू द्या!"

इवाई माझ्याकडे वळले.

"करू द्या म्हंजे? अडवून कोण राहिलं?"

हर्षाने माझ्याकडे पाहिले. मी हर्षाकडे पाहिले.

"अन् मले सांगा जी," इवाई म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरेच राग होता, "पोरगी अशी धावते हे तुमाले ठाऊक होतं, आन् इतक्या खेपा माह्या घरी येऊन तुमी एका शब्दानं सांगितलं नाही? मी समजून राहिलो का पोट्टीले घरच्या कामाचा कंटाळा आला म्हणून सडकेवर जाचं हाय! बाप असून मुके काऊन राहिले जी?"

मी खाली ठेवलेला गमबूट उचलला आणि पायात घातला.

मग त्यांनीच ठरवून टाकले. सून सडकेनेच धावेल, दररोज, आणि ते मोटरसायकल घेऊन मागे राहतील. "पाहतो कोण इचारते ते." त्यानंतर विक्कीने बक्षिसे वाटली. कॉम्प्युटरने सर्वात लहान वयाचा स्पर्धक म्हणून माझे नाव काढले होते. मी ती ढाल नको म्हणत असताना पाहुण्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या चष्म्यावरही पाणी असावे.

सौंदडला दोन मते आहेत ती यामुळे. निम्मे गाव ढाल बघते, निम्मे व्हिडिओ बघते. दुलीचंद दोन्ही बघतात आणि म्हणतात, "सर, काही म्हणा, आलेबिगर नाही राहिले." फ्लेक्स अजून चौकात आहे. प्रेमिलाने मला तीन दिवस शेकत ठेवले, ओव्याची पुरचुंडी, गरम विटा, सगळे; पालक म्हणून तिची जबाबदारीच होती, असे ती म्हणाली. आणि तो घट्ट बनियन तिने शेवटी कात्रीने कापून काढला.

भरतीची मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते मला माहीत नाही. मला कधीच काही माहीत नसते. पण आता इवाईंचा फोन येतो, उजाडायच्या आत. "इवाई, उठले का? या ना जी. सुनेच्या मागं मी एकटाच गाडी फिरवून राहिलो त बरं दिसत नाही, बाप पाहिजे सोबत." मी पहिल्या बसने जातो. पिपरटोल्याच्या वळणावर इवाई वाट पाहत असतात. हर्षा पळायला लागली की त्यांची गाडी थोडा वेळ तिच्यामागे जाते, मग गुडघा बोलतो, मग ते गाडी उभी करून माझ्यासोबत मोहाच्या झाडाखाली थांबतात.

परवा तिथे धुके होते. हर्षा दिसत नव्हती, फक्त तिच्या बुटांचा आवाज येई आणि दूर जाई. इवाईंचे धान विकून झाले होते, रानडुकरे यंदा फिरकली नव्हती, बोलायला त्यांच्याजवळ काही उरले नसावे. ते म्हणाले, "तुमी लय वाचता म्हणते पोरगी. काही सांगा ना जी."

मी घसा साफ केला. माझ्याकडे इतक्या दिवसांचे, नव्हे, इतक्या वर्षांचे साठलेले होते; कुणी विचारलेच नव्हते. मी सुरू केले. इवाई हनुवटीला हात लावून ऐकू लागले, आणि हर्षा तिसरी फेरी मारून परत आली तरी माझे पहिले वाक्य संपलेले नव्हते.